एर्मिनियाच्या नावावरचा खड्डा

मंगळवारी सकाळी एर्मिनियाने दुकानाची फरशी पुसली, बादलीतले पाणी नेहमीप्रमाणे दाराबाहेर रस्त्यावर ओतले, आणि ते उताराने वाहत जाण्याऐवजी जागच्या जागी नाहीसे झाले. ती रिकामी बादली धरून उभी राहिली. चौतीस वर्षे ती याच दारातून याच रस्त्यावर पाणी ओतत होती. ते आधी शेजारच्या चांभाराच्या पायरीला लागायचे, चांभार ओरडायचा, मग पाणी पुढे जायचे. आज चांभार ओरडला नाही.

तिने वाकून पाहिले. फरसबंदीच्या दोन दगडांमध्ये कॉफीच्या कपाएवढे भोक पडले होते. तिने आतून आणखी अर्धी बादली आणून ओतली. भोकाने तीही घेतली, आणि बऱ्याच खालून, विहिरीत खडा पडावा तसा आवाज आला.

पोज्जोकावो हे गाव नेपल्सच्या वरच्या अंगाला टेकडीवर वसलेले. गावातले घर न् घर पिवळ्या मऊ दगडाचे, आणि तो दगड काही पूर्वजांनी लांबून आणलेला नाही. घराच्या खालीच खणून काढलेला. त्यामुळे वर जेवढे गाव तेवढीच खाली पोकळी. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, आणि मोठेपणी कोणी त्याचा विचार करत नाही. एर्मिनियाची लाँड्री दगडफोड्यांच्या गल्लीत होती. गल्लीच्या वरच्या टोकाला, टेकडीच्या माथ्यावर, नगरपालिकेची इमारत.

एर्मिनियाने तिथे फोन लावला.

"भोक केवढं आहे?" रस्ते विभागाच्या माणसाने विचारले.

"कॉफीच्या कपाएवढं."

"छोटा कप की दुधाच्या कॉफीचा?"

"छोटा."

"मग तो खड्डा नाही बाई. वीस सेंटिमीटरच्या आत असेल तर ती झीज धरतात. झीज आम्ही वर्षाखेरीला बघतो."

"अहो, पण त्यात पाणी जातंय!"

"पाणी? मग पाणी विभागाला लावा."

पाणी विभागातल्या बाई जरा प्रेमळ होत्या. "पाणी बाहेर येतंय का हो?"

"नाही, आत जातंय."

"आम्ही बाहेर येणाऱ्याचीच तक्रार लिहून घेतो."

"मग आत जाणाऱ्याची कोण घेतं?"

"तशी आजपर्यंत कोणी केली नाही हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखर कुतूहल होते.

एर्मिनियाने फोन ठेवला. तिला वेळही नव्हता. रविवारी चर्चमध्ये गावातल्या मुलींचे पहिले कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेण्याचा विधी होता, आणि दुकानात मागच्या दांड्यावर एकोणीस पांढरे झगे टांगलेले होते. एकेकाला चार-चार झालरी, झालरीला लेस, लेसला चुण्या. काही झगे आईचे, काही आजीचे, दर पिढीला कमरेत उसवून पुन्हा शिवलेले. अशा झग्याला इस्त्री करायला दीड तास लागतो, आणि घाई केली तर तो जन्माचा पिवळा पडतो.

बुधवारी चांभाराकडे बूट घ्यायला आलेल्या एका म्हातारबुवांची काठी त्या भोकात मुठीपर्यंत गेली. चौघांनी मिळून म्हातारबुवांना धरले. काठी गेली ती गेलीच. तेव्हा एर्मिनियाने दुकानातली एक जुनी लाकडी खुर्ची आणून भोकावर ठेवली आणि ती पुन्हा झालरींकडे वळली.

अकराच्या सुमारास सावेरिओ आला. सावेरिओ हा नगरपालिकेचा पोलीस. एर्मिनियाने त्याला तो दुपट्यात असल्यापासून पाहिलेले, त्याच्या गणवेशाला इस्त्रीही तीच करायची. मुलगा गुणी होता, मनाने चांगला होता, फक्त नियमाच्या बाहेर त्याला काही दिसत नसे.

"मावशी, ही खुर्ची कोणाची?"

"माझी."

"सार्वजनिक जागेवर विनापरवाना खुर्ची. म्हणजे अतिक्रमण झालं हे."

"अरे, खाली भोक आहे. कोणाचा पाय जाऊ नये म्हणून ठेवलीय."

"भोकाबद्दल नियम नाही. खुर्चीबद्दल आहे."

"पण जागेवर कुठे आहे ती? तिथे जागा असती तर ठेवली कशाला असती मी?"

सावेरिओ विचारात पडला. मग गुडघ्यावर बसून त्याने खुर्चीखाली पाहिले. "तीन पाय जागेवर आहेत," तो उठत म्हणाला. "चौथा अधांतरी आहे. चौथ्याचं मी लिहीत नाही."

"फार उपकार झाले."

"मावशी, रागावू नका. असं करा ना, परवानगीच काढा. एक चौरस मीटरची. आज अर्ज टाकला की उद्या हातात. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर झालंय."

त्याने स्वतःच्याच फोनवरून अर्ज भरायला घेतला. एका ठिकाणी अडला. "जागेचा उपयोग कशासाठी? इथे टेबलखुर्च्या आहेत, विक्रीचा माल आहे, बांधकामाची परांची आहे, कुंड्या आहेत, धार्मिक उत्सव आहे."

"भोक झाकण्यासाठी."

"ते नाहीये यात."

"मग कुंड्या टाक," एर्मिनिया म्हणाली, आणि इस्त्री उचलायला आत गेली.

परवानगी खरोखरच दुसऱ्या दिवशी सकाळी आली. एक चौरस मीटर, एका वर्षासाठी, कुंड्यांकरिता. गल्लीत जो तो म्हणाला, की नगरपालिकेचे काम चोवीस तासांत झाल्याचे आपण पहिल्यांदा पाहिले.

त्याच सकाळी खुर्ची खाली गेली. आवाज फारसा झाला नाही. एर्मिनिया दारात आली तेव्हा भोकाच्या जागी धुण्याच्या टबाएवढे भगदाड होते आणि त्याच्या कडेचे दगड एकेक करून, सावकाश, आत घसरत होते.

वरच्या मजल्यावरून बियाजोकाका जिना उतरून आले. बियाजोकाका एक्याऐंशी वर्षांचे. नोकरीची सगळी वर्षे त्यांनी नगरपालिकेचे नळ आणि गटारे दुरुस्त करण्यात घालवली होती. गावाच्या वरच्या भागापेक्षा खालचा त्यांना जास्त पाठ होता. ते जमिनीवर पालथे झोपले, टॉर्चचा झोत आत टाकला आणि बराच वेळ तसेच पडून राहिले.

"काका, बरं आहे ना?" एर्मिनियाने घाबरून विचारले.

"गप. ऐकतोय." मग ते उठून बसले. "खाली जुनी खाण आहे. छत शाबूत आहे तिचं, फक्त एका कोपऱ्याला चीर पडलीय. त्या चिरेच्या वर कुठलीतरी वाहिनी गळतेय. पाणी थोडं थोडं माती घेऊन खाली जातंय. पिठाच्या गोणीला तळाशी भोक पडलं की कसं होतं? वरून गोणी भरलेली दिसते, आतून रिकामी होत जाते. मग एक दिवस वर काहीच उरत नाही."

"किती दिवसांपासून असेल?"

"दिवस कसले! वर्षं म्हण. मी रिटायर व्हायच्या आधी तीनदा लिहून दिलं होतं की या गल्लीतल्या वाहिन्या उघडून बघा. तीनही कागद वर आहेत. त्यांना काही झालेलं नाही, ते अगदी सुरक्षित आहेत."

भगदाड आता झिजेच्या व्याख्येत बसत नव्हते, म्हणून दुपारी इंजिनियर कापुओझो जातीने आला. उंच, नेटका माणूस. त्याच्या शर्टाची कॉलर पुठ्ठ्यासारखी कडक होती. ती एर्मिनियानेच सोमवारी खळ घालून केली होती. त्याने खड्ड्याभोवती एक फेरी मारली, हातातल्या टॅबवर काहीतरी पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला.

"बाई, ही जागा तर तुमच्या नावावर आहे."

"माझ्या? कुंड्यांसाठी घेतलीय ती, एक वर्ष."

"तेच म्हणतोय. परवानगी घेतली म्हणजे ताबा तुमचा. कलम चौदा. परवानाधारकाने मुदत संपताना जागा मिळाली तशी परत करायची. आता ही," त्याने बुटाच्या टोकाने खड्डा दाखवला, "मिळाली तशी नाहीये."

"अहो साहेब, मिळाली तेव्हा भोकासकटच मिळाली होती!"

"तसं परवानगीत लिहिलेलं नाही."

"कसं असेल? त्या अर्जात भोक लिहायला जागाच नव्हती!"

"शिवाय," इंजिनियर आवाज खाली आणून म्हणाला, "लाँड्री म्हटलं की पाणी आलं. हे पाणी तुमचंच नसेल कशावरून?"

तीच शंका सकाळपासून एर्मिनियाच्याही मनात होती. चौतीस वर्षे रोज किती पाणी तिने दुकानाच्या मोरीत सोडले असेल, आणि ते कुठे जाते हे तिने कधी विचारलेही नव्हते.

संध्याकाळपर्यंत खड्डा दोन मीटर रुंद झाला आणि एक नवाच पेच उभा राहिला. त्यातला एक चौरस मीटर एर्मिनियाचा होता. उरलेला तिच्या परवानगीत बसत नव्हता, म्हणजे तो नगरपालिकेचा. इंजिनियरने मोजमाप करून खड्ड्याच्या आडवी पिवळी रेघ कल्पिली आणि आपल्या बाजूला लाल-पांढरे कठडे लावून घेतले. एर्मिनियाच्या बाजूला कठडा लावायला त्याने नकार दिला. खासगी ताब्यातल्या जागेवर सार्वजनिक कठडा लावला तर हिशेबतपासणीत निघते, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हा अर्धा खड्डा कठड्यात आणि अर्धा मोकळा, असे ते दृश्य पाहायला गाव लोटले. एर्मिनियाने आपल्या अर्ध्याभोवती कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि दोरीला लाल चादरी चिमट्यांनी लावल्या.

शुक्रवारी दुपारी बाराला सावेरिओ आला तो मान खाली घालूनच. त्याच्या हातात कागद आणि चिकटपट्टी होती.

"मावशी, मला माफ करा."

"काय आणलंस?"

"आदेश. परवानाधारक जागा पूर्ववत करेपर्यंत दुकानाला सील."

"सील! अरे, आत एकोणीस झगे आहेत! रविवारी सकाळी दहाला कम्युनियन आहे!"

"झग्यांचा उल्लेख नाही यात."

"सावेरिओ, तुझ्या कम्युनियनला तुझा शर्ट कोणी केला होता?"

"तुम्हीच केला होता," सावेरिओ म्हणाला. त्याचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी त्याने दारावर पट्टी अगदी सरळ चिकटवली.

तासाभरात आया जमल्या. त्यांच्या पुढे नुन्झिया होती, मासळीवाली. तिच्या मुलीचा झगा तिच्या पणजीच्या लग्नाच्या कापडातून निघालेला होता.

"एर्मिनियाताई, मी एवढंच विचारते," नुन्झिया कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ते दार फोडायला मला काय लागेल?"

"काही लागणार नाही. कागदाची पट्टी आहे. पण फोडलीस तर माझं दुकान कायमचं जाईल."

"आणि नाही फोडलं तर माझी पोरगी वेदीपुढे काय गाऊन घालून जाईल?"

एर्मिनिया पायरीवर बसली. तिला एकदम थकल्यासारखे झाले. खड्डा मोठा होत चालला होता याचे तिला भय वाटत नव्हते. गावातल्या एकोणीस घरांनी विश्वासाने हाती दिलेली वस्तू आपल्याला परत करता येत नाही, हे तिला सोसवत नव्हते. चौतीस वर्षांत तिच्याकडून एक बटणही हरवले नव्हते.

बियाजोकाका मात्र खड्ड्याच्या काठाशी स्टूल टाकून सकाळपासून बसून होते. मांडीवर वही, हातात घड्याळ. दुपारी सव्वादोनला त्यांनी एर्मिनियाला हाक मारली.

"इकडे ये. ऐक."

"काय ऐकू? काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर! तुझ्या दुकानाला सील कधी लागलं?"

"बाराला."

"बारानंतर तुझ्या नळाचा थेंब नाही. पण खाली पाणी पडतच होतं. एकला पडत होतं, दीडला पडत होतं. दोनला थांबलं. म्हणजे ते तुझं नव्हे." एर्मिनियाने छातीवर क्रूस काढला. काका वहीकडे पाहत पुढे म्हणाले, "सकाळी आठपर्यंत थेंब नाही. आठनंतर सुरू. साडेदहाला, कॉफीच्या सुट्टीनंतर, सगळ्यात जोर. आणि दोनला एकदम बंद. आता मला सांग, या टेकडीवर आठला उघडून दोनला बंद होणारं असं काय आहे?"

दोघांनीही मान वर करून गल्लीच्या टोकाकडे पाहिले.

शनिवारी नगरपालिकेत विवाहनोंदणी असते, म्हणून इमारत अर्धा दिवस उघडी राहते. सकाळी साडेनऊला बियाजोकाका आपला ठेवणीतला कोट घालून टेकडी चढले. कोटाच्या खिशात एक पत्र्याचा डबा होता. गळती शोधायला वापरतात ती पूड त्यांनी रिटायर होताना आठवण म्हणून घरी आणली होती. चिमूटभर पाण्यात पडली की पाणी असे हिरवे होते की डोळ्यांना सहन होऊ नये. ते वऱ्हाडी मंडळींतून वाट काढत पहिल्या मजल्यावर गेले, वधूच्या मावशीला अभिनंदन म्हणाले, प्रसाधनगृहात शिरले, पूड टाकली, तीन वेळा फ्लशची साखळी ओढली आणि वऱ्हाडाकडून मिळालेले साखरबदाम चघळत खाली आले.

खड्ड्याभोवती तोवर अर्धी गल्ली जमली होती. एर्मिनिया होती, आया होत्या, चांभार होता, आणि गर्दी आवरायला सावेरिओ होता. काकांनी घड्याळ काढले. दहा मिनिटे गेली. पंधरा गेली.

"काका, येणार ना हो?" एर्मिनियाने हळूच विचारले.

"येईल. नगरपालिका आहे. वेळ लागतो."

विसाव्या मिनिटाला खड्ड्याच्या वरच्या भिंतीतून, मातीच्या थरातून, एक हिरवा ओघळ निघाला. आधी दोऱ्यासारखा, मग बोटाएवढा. पिवळ्या दगडावर तो हिरवा रंग डोळे दिपवील असा चमकत होता. मग नुन्झियाने टाळ्या वाजवल्या आणि सगळी गल्ली टाळ्या वाजवू लागली.

सावेरिओने इंजिनियरला फोन लावला. "साहेब, जरा खाली येता का? नगरपालिका खड्ड्यात दिसतेय. हिरवी."

इंजिनियर कापुओझो घरून निघून आला. बिनइस्त्रीच्या शर्टात होता. शर्ट सीलबंद दुकानात अडकले होते. त्याने हिरवा ओघळ पाहिला, बियाजोकाकांच्या खिशातला डबा पाहिला आणि काय झाले ते त्याला कळले.

"हे सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही," तो म्हणाला.

"साहेब," एर्मिनिया म्हणाली. ती शांत होती. "हा एक चौरस मीटर कोणाच्या ताब्यात आहे?"

"तुमच्या. कागद आहे."

"मग माझ्या ताब्यातल्या जागेत तुमचं पाणी कसं काय आलं? मी तर परवानगी दिली नाही."

इंजिनियर काही बोलणार इतक्यात सावेरिओने पेन काढले. त्याच्या कपाळावर आठी होती. नियम कुठेतरी नेमका लागू पडतो आहे असे जाणवले की त्याला तशी आठी पडत असे.

"मावशीचं म्हणणं बरोबर आहे साहेब. विनापरवाना अतिक्रमण होतंय." तो लिहू लागला. "अतिक्रमण करणारा: नगरपालिका. जागा: एक चौरस मीटर. वस्तू: सांडपाणी. रंग... रंगाचा रकाना नाही, पण मी लिहितो. हिरवा."

"सावेरिओ, डोकं ठिकाणावर आहे का? तू पगार कोणाचा घेतोस?"

"नगरपालिकेचा साहेब. म्हणूनच नियमाने लिहितोय. सात दिवसांत अतिक्रमण हटवून नुकसान भरून द्यायचं. सही करा इथे."

इंजिनियर कागदाकडे पाहत राहिला. खड्डा एर्मिनियाच्या नावावर असेपर्यंत नगरपालिका अतिक्रमण करणारी ठरत होती, आणि ती नोटीस सोमवारी मेयरबाईंच्या टेबलावर पडणार होती. त्यातून सुटायचा एकच मार्ग होता, आणि हुशार माणूस असल्यामुळे तो त्याला लगेच सापडला.

"बाई, इथे कुंड्या कुठायत?"

"कुंड्या?"

"परवानगी कुंड्यांसाठी आहे. पाहणीत एकही कुंडी आढळली नाही. म्हणजे परवानगी रद्द. आजपासून नव्हे, पहिल्या दिवसापासून." त्याने सावेरिओकडून कोरा कागद मागून घेतला आणि चांभाराच्या भिंतीला टेकवून झरझर लिहिले. "जागा तुमची नव्हतीच कधी. तेव्हा अतिक्रमण झालंच नाही."

"म्हणजे मी परवानाधारक नाही?"

"नाही."

"कधीच नव्हते?"

"कधीच नव्हतात."

"मग माझ्या दुकानाला सील कशाचं?"

इंजिनियरने आपणच लिहिलेला कागद पुन्हा वाचला. बियाजोकाकांनी दुसरा साखरबदाम तोंडात टाकला. सावेरिओ मात्र आधीच दाराशी पोचला होता, आणि ती पट्टी कुठेही न फाडता, एका सरळ ओढीने, त्याने काढली.

"दुकान धोकादायक असेल तर?" इंजिनियर कसाबसा म्हणाला.

"खाण रस्त्याच्या मध्याकडे आहे, दुकानाच्या भिंतीखाली अखंड खडक आहे," काका म्हणाले. "कालच लोखंडी पहार ठोकून पाहिलीय. पण तरी मी म्हणतो, एकानेच आत जावं. आणि हलक्या पावलाने."

आया पुढे सरसावल्या, पण एर्मिनियाने त्यांना हात आडवा केला. "माझ्या हाती दिलेत, मीच आणणार."

तिने चपला काढल्या आणि आत गेली. रोजचीच फरशी, पण आज पाऊल टाकताना तिला खालचा अंधार तळपायाला लागत होता. इथेच उभे राहून तिने इतकी वर्षे इस्त्री फिरवली, रेडिओ ऐकला, नवरा गेला तेव्हा रडली, आणि सगळा वेळ खाली हे असे होते. तिने पहिला झगा दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि श्वास रोखून बाहेर आणला. मग दुसरा. प्रत्येक झग्याबरोबर ती नाव घ्यायची आणि त्या मुलीची आई पुढे व्हायची. एकोणीस खेपा झाल्या. शेवटचा झगा एर्मिनियाने नुन्झियाच्या हातात दिला.

"झालरीला हात लावू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या हाताला मासळीचा वास येतो."

नुन्झियाने तिला झग्यासकट मिठी मारली, आणि मग तो झगा पुन्हा इस्त्री करावा लागला.

रविवारी सगळे नीट पार पडले. सोमवारी खरी पंचाईत झाली.

खड्डा आता पुरता नगरपालिकेचा होता, तेव्हा तो बुजवणे भाग होते. पण पाणी पडत असताना कितीही भरले तरी ते खाली वाहून जाणार, हे बियाजोकाकांनी मेयरबाईंना समोर बसून समजावले. म्हणून इंजिनियरने आदेश काढला: वाहिनीची दुरुस्ती होईपर्यंत इमारतीतील सर्व प्रसाधनगृहे बंद. दाराला कुलपे लागली. पाणी थांबले. बुधवारपर्यंत चौदा गाड्या दगड आणि काँक्रीट ओतून खड्डा भरून निघाला. वाहिनीच्या दुरुस्तीची निविदा चार महिन्यांत निघेल, असे जाहीर झाले.

नगरपालिकेत बासष्ट माणसे कामाला होती. माथ्यावर दुसरी वस्ती नव्हती. तिथले एकुलते कॉफीचे दुकान सोमवार ते बुधवार बंद असे, आणि उघडे असले तरी तिथला मालक आधी कॉफी घ्यायला लावत असे, त्याने अडचण वाढतच होती. सर्वांत जवळचा संडास एर्मिनियाच्या लाँड्रीच्या मागच्या बाजूला होता. त्याची मोरी खालच्या बाजूच्या वाहिनीला जाते, याची काकांनी उरलेली पूड टाकून खात्री करून दिली.

आधी पाणी विभागातल्या त्या प्रेमळ बाई आल्या. "फोनवर बोललो होतो आपण," त्या संकोचाने म्हणाल्या. मग रस्ते विभाग आला. मग जन्ममृत्यू नोंदणी. साडेदहाला तर दारापासून चांभाराच्या पायरीपर्यंत रांग लागायची, आणि चांभार पुन्हा ओरडू लागला. एर्मिनिया इस्त्री थांबवत नसे. फक्त डोक्याने खुणावायची. "आत, डावीकडे. साखळी जरा धरून ठेवावी लागते."

पाचव्या दिवशी इंजिनियर कापुओझो आला. पाय जुळवून रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा एर्मिनियाने त्याच्याकडे पाहिले. त्याच्या शर्टाची कॉलर मऊ पडली होती.

"शर्ट तयार आहेत तुमचे," ती म्हणाली. "जाताना घेऊन जा. आधी जाऊन या."

आठव्या दिवशी मेयरबाई आल्या. त्यांना रांगेत पुढे जा म्हणून कोणीच म्हटले नाही, कारण तेवढे मोठे मन दाखवण्याच्या स्थितीत कोणी नव्हते. त्या चढ चढून परत गेल्या तेव्हा धापा टाकत होत्या. त्याच दुपारी निविदा निघाली. अकराव्या दिवशी ठेकेदाराची माणसे वर खोदत होती. ज्या वाहिनीसाठी बियाजोकाकांनी तीनदा लिहून दिले होते, ती अखेर उघडली गेली. ती इतकी कुजली होती की पाईप कुठे संपतो आणि माती कुठे सुरू होते ते सांगता येत नव्हते.

नवी वाहिनी बसली त्या दिवशी छोटासा समारंभ ठेवला होता. एर्मिनियालाही बोलावणे होते, पण एका लग्नाचे टेबलक्लॉथ आले होते, म्हणून ती गेली नाही. दारात उभी राहून ती दोन टोकांनी कापड ओढत होती, तेवढ्यात वरून टाळ्यांचा आवाज आला. मेयरबाईंनी फीत कापली असावी. मग थोड्या वेळाने पहिल्या मजल्यावर कोणीतरी साखळी ओढली आणि पाण्याचा खळखळाट झाला.

त्यानंतर नगरपालिकेची खिडकी उघडली. आधी मेयरबाईंचे डोके बाहेर आले, मग इंजिनियरचे, मग सावेरिओची टोपी, मग एकामागून एक सगळे विभाग. चांगले कपडे घातलेली ती सगळी मंडळी खिडकीत दाटीवाटीने उभी राहून खाली गल्लीतल्या नव्या काँक्रीटकडे पाहू लागली. बियाजोकाका स्टुलावर घड्याळ घेऊन बसले होते.

वीस मिनिटे गेली. काँक्रीट कोरडे होते. काकांनी हात वर करून खूण केली. खिडकीतल्या काही जणांनी सुस्कारा सोडला, कोणी टाळी वाजवायला हातही उचलला.

इंजिनियर कापुओझोने मात्र नजर हलवली नाही. एर्मिनियाला त्याचा आवाज खालपर्यंत स्वच्छ ऐकू आला.

"आणखी एकदा ओढा."